पाच उच्चीचे ग्रह

कवींद्र परमानंदाने ‘शिवभारत’ रचताना शिवाजी महाराजांच्या जन्माची वेळ मोठ्या काळजीने नोंदवली आहे. शके १५५१, शुक्ल संवत्सर, उत्तरायण, शिशिर ऋतू, फाल्गुन वद्य तृतीया, रात्रीची वेळ. इतिहासाच्या दृष्टीने ही नोंद सोन्यासारखी आहे, कारण इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० ठरवताना ती मोलाचा आधार ठरली. पण याच ओघात परमानंद आणखी एक गोष्ट सांगतो. त्या वेळी पाच ग्रह उच्चीचे होते, असे तो म्हणतो. ज्याला पंचांग वाचता येते त्याने हे विधान कागदावर मांडून पाहावे. फाल्गुन वद्यात सूर्य कुंभेत असतो आणि त्याचे उच्च आहे मेषेत. तृतीयेचा चंद्र कन्येत, त्याचे उच्च वृषभेत. बुधाचे उच्च कन्येत; पण बुध सूर्याला सोडून अठ्ठावीस अंशांपलीकडे कधी जात नाही, तेव्हा सूर्य कुंभेत असताना तो कन्येत असणे शक्यच नाही. सातांतले तीन इथेच गळाले. राहिले मंगळ, गुरू, शुक्र आणि शनी. हे चौघे उच्चीचे मानले तरी बेरीज चारच होते. आणि त्यांतला गुरू १६३० मध्ये आपल्या उच्च राशीच्या, म्हणजे कर्केच्या, आसपासही नव्हता. राहू-केतूंना उच्च राशी देणारा एक पक्ष आहे खरा, पण ज्या जुन्या काव्यांतून हे वर्णन आले तिथे तो हिशेब नाही.

परमानंदाला हे कळत नव्हते असे म्हणणे धाडसाचे होईल. तो संस्कृतचा पंडित होता, आणि ज्याने तिथी इतकी नेमकी दिली त्याला बुध सूर्याजवळ असतो हे ठाऊक नसेल असे मानता येत नाही. मग हे पाच ग्रह आले कुठून? ते आले वाल्मीकींच्या रामायणातून आणि कालिदासाच्या रघुवंशातून. रामाच्या जन्मवेळी पाच ग्रह उच्चीचे होते, रघूच्या जन्मवेळीही पाचच. ही ओळ वाचणाऱ्या किंवा ऐकणाऱ्या जाणत्याला आकाश पाहायचे नव्हते. त्याला कळायचे ते एवढेच की हे मूल कोणत्या मालिकेतले आहे. तिथी ही नोंद होती. पाच ग्रह हा हक्क होता. एकाच प्रसंगात, शेजारी शेजारी, दोन वेगळ्या जातीची विधाने बसली आहेत आणि लेखकाला त्यात काही विसंगत वाटत नाही. माझे म्हणणे या शेजारापासून सुरू होते. सोळाव्या-सतराव्या शतकातले राजज्योतिष आपण एकतर अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारतो किंवा चमत्कार म्हणून कौतुकाने सांगतो. दोन्हींत त्याचे खरे काम नजरेआड होते. राजाची पत्रिका हा त्या काळात सनदेसारखा, वंशावळीसारखा दावा सांगणारा कागद होता. तो बहुधा निकाल लागल्यानंतर लिहिला जाई, किंवा निकाल आपल्या बाजूने लागावा म्हणून लिहिला जाई. आणि म्हणूनच तो कोणी लिहायचा आणि कोणी वाचायचा यावर सत्तेची करडी नजर असे.

हे सर्वांत भरघोस पाहायला मिळते ते मुघल दरबारात, आणि त्याची मुळे मुघलांच्या मूळपुरुषापाशी, तैमूरापाशी जातात. गुरू आणि शनी यांची युती सुमारे वीस वर्षांनी होते. अब्बासी काळातल्या अबू माशर या ज्योतिष्याने मांडलेल्या शास्त्रानुसार या युत्या काही शतके एकाच तत्त्वाच्या तीन राशींत फिरतात आणि मग दुसऱ्या तत्त्वात सरकतात. तसे सरकणे म्हणजे घराणी बदलण्याची, धर्म बदलण्याची खूण. अशा भाग्यवान युतीचा स्वामी तो ‘साहिब-किरान’. ही पदवी तैमूराच्या नावाला कायमची चिकटली. १४०१ मध्ये दमास्कसच्या वेशीबाहेर इब्न खल्दून तैमूराला भेटला, तेव्हा मगरिबातल्या ज्योतिष्यांनी युतीवरून एका मोठ्या विजेत्याचे भाकीत केले होते हे त्याने आवर्जून त्याच्या कानावर घातले. समाजाच्या चढउतारांची इतकी थंड डोक्याने मीमांसा करणारा हा विद्वान. जीव वाचवायचा होता, आणि विजेत्याशी बोलायला या भाषेइतकी सोयीची दुसरी भाषा नव्हती. तैमूराची रूढ जन्मतारीख हिजरी ७३६ मधली आहे. इराणचा शेवटचा इलखान अबू सईद मेला तेही ७३६ सालीच. चंगीझच्या वंशाची एक ज्योत विझली आणि त्याच वर्षी दुसरी पेटली, हा योग इतका नेटका आहे की ती तारीख मागाहून बसवली असावी असा इतिहासकारांना संशय आहे, आणि मला तो रास्त वाटतो. तैमूराच्या मृत्यूनंतर सव्वादोनशे वर्षांनी शाहजहानने स्वतःला ‘साहिब-किरान-ए-सानी’, म्हणजे दुसरा साहिब-किरान, म्हणवले आणि ते नाण्यांवर छापले. त्याच्या रुपयाने बाजारहाट करणाऱ्याच्या हातात रोज एक ज्योतिषाचा दावा पडत होता.

हुमायूनच्या वाट्याला राज्य थोडे आणि वणवण फार आली. पण राज्यकारभार ग्रहांच्या मांडणीवर बेतायचा प्रयत्न त्याच्याइतका कोणी केला नाही. ख्वांदमीर या इतिहासकाराने त्याचे वर्णन ‘कानून-ए-हुमायूनी’त केले आहे. राज्याची खाती त्याने चार महाभूतांत वाटली: तोफखाना अग्नीकडे, कपडेपट, मुदपाकखाना आणि तबेले वायूकडे, सरबतखाना व कालवे पाण्याकडे, शेती आणि इमारती पृथ्वीकडे. वारांचीही वाटणी होती. शनिवार-गुरुवार विद्वानांसाठी, रविवार-मंगळवार राज्यकारभारासाठी, सोमवार-बुधवार मित्रमंडळींसाठी. मंगळवारी लाल पोशाख. एक गालिचा त्याने असा विणवून घेतला होता की त्यावर ग्रहांची वर्तुळे होती आणि दरबारी आपापल्या वर्गाप्रमाणे त्या त्या ग्रहाच्या वर्तुळात बसत. याला छंद म्हणणे सोपे आहे. परंतु बापाकडून आलेले राज्य भावाभावांत वाटलेले, सरदार चंचल, अशा वेळी दरबारात कोणी कुठे बसायचे हे ठरवण्याचा वाद कोणाशी घालायचा? जागा ग्रहाने दिली म्हटले की भांडण बादशहाशी उरत नाही. या व्यवस्थेने राज्य टिकले नाही. शेरशाहने ते घेतले. परत मिळाल्यावर जानेवारी १५५६ मध्ये दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यातल्या शेर मंडलाच्या जिन्यावरून पाय घसरून हुमायून गेला. त्या संध्याकाळी तो वर गेला होता त्याचे एक कारण अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याने दिले आहे: शुक्राचा उदय व्हायचा होता, आणि त्या वेळी दरबार भरवून सरदारांना बढत्या द्यायच्या होत्या.

अबुल फजल हा या विषयाचा सर्वांत मोठा साक्षीदार, कारण त्याने अकबराच्या जन्माची कथा लिहिताना कारागिरी लपवलेली नाही. १५ ऑक्टोबर १५४२, उमरकोटचा किल्ला, हुमायून परागंदा. हमीदाबानूला वेणा सुरू झाल्या तेव्हा मौलाना चांद हा ज्योतिषी अस्वस्थ झाला: वेळ चांगली नाही, थोडा उशीर झाला तर हजारो वर्षांतून येणारी वेळ साधेल. जवळच्यांनी त्याला वेड्यात काढले, असल्या गोष्टी का माणसाच्या हातात असतात? इतक्यात वेणा थांबल्या. वेळ टळली आणि शुभ घटका आली तेव्हा बाळ जन्माला आले. पुढे अबुल फजल अकबराच्या एक नव्हे, चार पत्रिका देतो. एक मौलाना चांदची, एक भारतीय पद्धतीने जोतिकरायाने केलेली, एक फतहुल्ला शिराझीची आणि एक अर्दबीलच्या मौलाना इलियासची. ग्रीक-इराणी परंपरेच्या पहिल्या पत्रिकेत लग्न कन्या आले, भारतीय पत्रिकेत सिंह. फरकाचे कारण गणिताचे आहे आणि आजच्या मराठी वाचकालाही ते परके नाही: एकाचे मोजमाप सायन, दुसऱ्याचे निरयन, मध्ये त्या काळचे सतरा-अठरा अंशांचे अयनांश. लग्न कन्येच्या सुरुवातीला असेल तर तेवढे अंश मागे घेताच ते सिंहेत जाते. गंमत पुढे आहे. शिराझी इराणातून आलेला, पण त्याच्या गणितातही लग्न सिंहच निघाले. सिंह ही सूर्याची रास, आणि ज्या काळात अबुल फजलचा ग्रंथ लिहिला जात होता त्या काळात अकबर सूर्याची उपासना करत होता.

एखाद्याच्या चार पत्रिका देणे म्हणजे खरे तर त्या शास्त्राची फजिती. चौघांचे जुळत नाही हे जगजाहीर करायचे कशाला? इथेच पत्रिकेचे काम उघडे पडते. अबुल फजलला एक अचूक पत्रिका नको होती. त्याला वेगवेगळ्या परंपरांची साक्ष हवी होती: ग्रीक, इराणी, हिंदी, सगळ्यांनी आपापल्या वाटेने येऊन एकाच माणसाकडे बोट दाखवावे. ज्या बादशहाचे राज्य एका धर्माच्या शास्त्रावर उभे नव्हते, त्याच्या आकाशालाही एकच भाषा पुरणार नव्हती. याला एक अवघड जोड आहे. हुमायूनचा पाणक्या जौहर आफताबची याने आपल्या आठवणींत अकबराचा जन्म शाबान महिन्याच्या चौदाव्या रात्रीचा, म्हणजे पौर्णिमेचा, सांगितला आहे; पूर्णचंद्रावरून मुलाला बद्रुद्दीन म्हटले असेही तो लिहितो. ती तारीख नोव्हेंबरात पडते. इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथने यावरून असा तर्क केला की खरी वेळ शत्रूच्या जादूटोण्यापासून लपवण्यासाठी तारीख बदलली गेली. बहुतेक इतिहासकार आज ऑक्टोबरचीच तारीख धरतात, आणि म्हाताऱ्या नोकराच्या आठवणीपेक्षा दरबारी नोंद अधिक भरवशाची हे म्हणणे चूक नाही. तरी एवढे खरे की राजाची खरी जन्मवेळ हे गुपित असू शकते, असे मानण्याला त्या काळी जागा होती. जो कागद सगळ्यांना दाखवायचा त्याचीच मूळ प्रत लपवावीशी वाटावी, इतका तो मोलाचा होता.

हिजरी सन १००० जवळ येत होते. ते इसवी १५९१ च्या ऑक्टोबरात लागले. हजार वर्षे पुरी होताना धर्माचे नवे युग सुरू होईल, महदी येईल, ही आशा त्या काळात भारतात जिवंत होती. जौनपूरच्या सय्यद मुहम्मदाने त्याआधीच स्वतःला महदी घोषित केले होते आणि १५०५ मध्ये तो वारला तरी त्याचा पंथ चालत होता. अबुल फजलचा बाप शेख मुबारक या पंथीयांशी संबंध ठेवतो म्हणून अडचणीत आला होता. अकबराने ही लाट आपल्याकडे वळवली. १५८२ मध्ये त्याने ‘तारीख-ए-अल्फी’, म्हणजे सहस्रकाचा इतिहास, लिहवायला घेतला. १५८४ मध्ये शिराझीच्या मदतीने इलाही सन सुरू केला. हिंदूंकडूनही हातभार आला. दरबारातला इतिहासकार बदायुनी सांगतो की काही ब्राह्मणांनी जुन्या ऋषींच्या नावाने संस्कृत श्लोक आणले, त्यांत हिंदुस्थानात ब्राह्मणांचा मान राखणारा, गाईंचे रक्षण करणारा मोठा बादशहा होईल असे भविष्य होते, आणि ते जुन्या कुरकुरीत कागदावर लिहून बादशहाला दाखवले. बदायुनीचा संताप उघड आहे आणि अकबराबद्दल तो निष्पक्ष नाही. त्याचा ग्रंथ लपवून ठेवावा लागला तो उगाच नव्हे. पण त्या कागदाचा तपशील मला खोटा वाटत नाही. त्यातली मागणी फार स्पष्ट आहे. ते श्लोक बादशहाचे भविष्य सांगत नाहीत. बादशहाने कसे वागावे हे सांगतात. ब्राह्मणांना मान द्या, गाय राखा, आणि आम्ही म्हणू की तुमचे येणे आधीपासून ठरलेले होते. हा अर्ज आहे, फक्त तो भूतकाळाच्या तारखेने लिहिलेला आहे.

हे काम करणाऱ्यांत आपल्याकडची माणसे किती होती, हे मराठी वाचकाला फारसे सांगितले जात नाही. अकबराच्या दरबारात मान मिळवलेला नीलकंठ आणि त्याचा भाऊ राम दैवज्ञ यांचे घराणे विदर्भातल्या गोदाकाठचे, नंतर काशीला गेलेले. नीलकंठाने १५८७ मध्ये ‘ताजिकनीलकंठी’ लिहिली. रामाचा ‘मुहूर्तचिंतामणी’ १६०० चा, आणि लग्न-मुंजीचे मुहूर्त काढताना जोशी आजही त्याच ग्रंथाकडे वळतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त या घराण्यांचा माग काढून ठेवला आहे. दुसरे घराणे पयोष्णीकाठच्या दधिग्रामाचे. त्यातल्या कृष्ण दैवज्ञाला जहांगीराची मर्जी लाभली होती. श्रीपतीच्या जातकपद्धतीवरच्या टीकेत त्याने उदाहरण म्हणून पत्रिका घेतली ती मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानानची. त्याचा पुतण्या मुनीश्वर याने शाहजहानच्या राज्यारोहणाची वेळ आपल्या ग्रंथात टिपून ठेवली. ताजिक म्हणजे अरब-इराणी पद्धतीचे वर्षफल. त्यातले शब्द पाहा: इत्थशाल हा मूळचा ‘इत्तिसाल’, मुन्था हा ‘मुंतहा’, इक्कवाल हा ‘इक्बाल’. कोणताही जोशी हे शब्द आज संस्कृत समजून उच्चारतो. दरबाराला दोन्ही भाषांत चालेल असे चलन हवे होते, आणि ते पाडणारे सोनार गोदावरी-पयोष्णीच्या खोऱ्यांतून गेले.

जे चलन असते त्याची टांकसाळ राजाला आपल्या ताब्यात हवी असते. जहांगीराने १६१८ मध्ये खरोखरच राशींची नाणी पाडली, महिन्याच्या नावाऐवजी त्या त्या राशीचे चित्र. आणि त्याचा अभिमान आपल्या आत्मचरित्रात नोंदवला. त्याच आत्मचरित्रात दुसरी बाजू आहे. अकबर वारला, जहांगीराचा मुलगा खुसरो याने बंड केले, तेव्हा बिकानेरच्या राजा रायसिंगाने मानसिंग नावाच्या जैन यतीला विचारले की हे राज्य किती टिकेल. मानसिंगाने सांगितले, फार तर दोन वर्षे. त्यावर भिस्त ठेवून रायसिंग परवानगी न घेता आपल्या मुलखात निघून गेला. राज्य टिकले, रायसिंग खाली मानेने परतला. बारा वर्षांनी जहांगीराने त्या यतीला बोलावणे पाठवले आणि वाटेतच त्याने विष घेतले. जहांगीर हे लिहितो तेव्हा त्याची लेखणी सूडाने भरलेली आहे. त्याने ज्योतिषाला खोटे म्हटलेले नाही. त्याचा राग एका भाकितामुळे एक मोठा सरदार हातातून गेला होता, यावर आहे. युरोपातही हेच: इंग्लंडात १५८१ च्या कायद्याने राणी एलिझाबेथ किती जगेल हे पत्रिका मांडून सांगणे गंभीर गुन्हा ठरवले होते. रोमला १६३० मध्ये मोरांदी नावाच्या मठाधिपतीला पोप आठव्या अर्बनच्या मृत्यूचे भाकीत केल्याबद्दल कैद झाली आणि पुढच्याच वर्षी पोपने राजे व पोप यांच्या मृत्यूची भाकिते करण्यावर बंदी घातली. तो पोप स्वतः ग्रहशांतीचे विधी करवून घेत असे. आग्रा, लंडन, रोम: तिन्ही ठिकाणी राजाला ज्योतिष हवे होते, आणि दुसऱ्याच्या हातात ते नको होते.

यावर सहज आक्षेप येईल की मग हे सगळे ढोंग होते का. राजे स्वतः यावर विश्वास ठेवत नव्हते आणि लोकांना फसवत होते असे म्हणायचे आहे का? मुळीच नाही. जहांगीराच्याच लिखाणातला प्रसंग याचे उत्तर देतो. त्याचा लाडका नातू शुजा चार वर्षांच्या आसपासचा होता. जोतिकरायाने सांगितले होते की येते तीन-चार महिने मुलाला वाईट आहेत, तो उंचावरून पडेल, पण जिवाला धोका नाही. तेव्हापासून जहांगीराने ती धास्ती मनात धरली. पोराला क्षणभरही नजरेआड होऊ देत नव्हता. आणि एके दिवशी शुजा खेळता खेळता खिडकीतून खाली पडलाच. खाली घडी घातलेले जाजम होते, शेजारी फर्राश बसला होता, त्यावर आपटून तो वाचला. जहांगीराचे हे पान वाचताना आजोबाचा घाबरलेला जीव दिसतो. त्यात ढोंगाचा लवलेश नाही. हा विश्वास होता म्हणूनच दावा चालत होता. खोट्या नाण्याला किंमत यायची तर खऱ्या नाण्यावर लोकांचा भरवसा लागतो. रायसिंग पळाला तो त्या भरवशापायीच.

दुसरा आक्षेप असा की त्या काळी शंकेखोर लोकही होते, मग सगळा समाज याच भाषेत बोलत होता असे कसे म्हणता येईल? शंकेखोर होते, यात वाद नाही. उमरकोटच्या प्रसूतिघरात मौलाना चांदला हसणारे होते, आणि अबुल फजलने त्यांना कथेत जागा दिली. बर्निये या फ्रेंच वैद्याने दिल्लीच्या बाजारात धुळकट सतरंजीवर जुनी यंत्रे आणि मोठे पुस्तक उघडून बसलेल्या ज्योतिष्यांचे तिखट वर्णन केले आहे. बादशहाचा मुख्य ज्योतिषी पाण्यात बुडून मेला तेव्हा लोकांनी त्या विद्येची कशी टर उडवली हेही तो सांगतो. बाजारातल्या ज्योतिष्यांतच त्याला गोव्याहून पळून आलेला एक पोर्तुगीज सापडला. वाचता-लिहिता न येणाऱ्या या माणसाचे भांडवल होते एक जुने होकायंत्र आणि पोर्तुगीज भाषेतली दोनतीन प्रार्थनेची पुस्तके, ज्यांतली चित्रे तो युरोपची राशिचक्रे म्हणून दाखवी. एका जेझुइट पाद्र्याने त्याला हटकले तेव्हा त्याने सरळ सांगितले की जसे गिऱ्हाईक तसा ज्योतिषी. पण हा संशय नेमका कोणावर आहे ते पाहिले पाहिजे. तो ज्योतिष्यावर आहे, त्याच्या लबाडीवर, गणितातल्या चुकीवर. ग्रहांना काही म्हणायचे असते, या समजावर तो नाही. लबाड वकील असतात म्हणून कोणी न्यायालय नाकारत नाही, तशातला हा प्रकार.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. निर्णय शेवटी राजकारणानेच होत होते, मुहूर्त मागाहून जुळवला जाई; मग त्याला इतके महत्त्व कशाला? औरंगजेबाचे उदाहरण घ्या. सामूगढची लढाई जिंकल्यावर जुलै १६५८ मध्ये त्याने दिल्लीबाहेरच्या शालिमार बागेत घाईने राज्यारोहण उरकले. खुतबा आणि नाणी पुढे ढकलली. भाऊ दारा याचा पाठलाग करायचा होता, दुसरा भाऊ शुजा पूर्वेकडून येत होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये, भाऊ निष्प्रभ झाल्यावर, दिल्लीच्या किल्ल्यात थाटाचे राज्यारोहण झाले. त्या दिवशी तयार होऊन पडद्याआड थांबलेल्या बादशहाने ज्योतिष्यांनी घटिका भरल्याची खूण केल्यावरच सिंहासनावर पाऊल ठेवले. पुढे ज्या औरंगजेबाने ज्योतिष्यांवर आणि पंचांगांवर निर्बंध आणले, तो हाच. एका अर्थी आक्षेप खरा ठरतो: वेळ तलवारीने ठरवली. पण मग पहिल्या घाईतही मुहूर्त लागलाच, आणि दुसऱ्या वेळी सगळा दरबार घटिकापात्राकडे डोळे लावून उभा राहिला, ते कशासाठी? बाप आग्र्यात कैदेत जिवंत असताना त्याच्या सिंहासनावर बसणाऱ्याला शरियतचा आधार ओढून-ताणून मिळवावा लागला होता, मुख्य काझीने खुतबा वाचायला नकार दिला होता. जे काझी देऊ शकत नव्हता ते घटिका देत होती. मुहूर्ताने गादी मिळत नसे. मिळवलेली गादी सर्वांदेखत आपली करून घ्यायला मात्र मुहूर्त लागे.

आता रायगडावर यावे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६, ६ जून १६७४, गागाभट्टांच्या हातून शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. गागाभट्टांचे घराणे पैठणचे, काशीत स्थिरावलेले; म्हणजे पुन्हा तीच वाट. महाराजांना गणिताचे महत्त्व आधीपासून ठाऊक होते. गणेश दैवज्ञाचा ‘ग्रहलाघव’ हा १५२० चा ग्रंथ आपल्याकडच्या पंचांगांचा कणा, आणि त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, शके १५७५ मध्ये, कृष्ण नावाच्या ज्योतिष्याने महाराजांच्या आज्ञेने ‘करणकौस्तुभ’ रचला. तेव्हा राज्याभिषेक वीस वर्षे दूर होता. पातशाहीच्या मुलखात स्वतःच्या नावाने काळ मोजणारा ग्रंथ लिहवून घेणे ही साधी गोष्ट नाही. महाराजांनी पुढे सुरू केलेल्या राज्याभिषेक शकाचे बीज मला तिथे दिसते. अभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जूनला, जिजाबाई गेल्या. निश्चलपुरी गोसावी या तांत्रिकाने हीच संधी साधली. सेनापती प्रतापराव गुजरांचे पडणे, राणी काशीबाईंचा मृत्यू, मातोश्रींचे जाणे, मंडपातले लहानसहान अपघात, हे सगळे त्याने अपशकुन म्हणून एका धाग्यात ओवले. गागाभट्टांनी स्थानिक देवतांना संतुष्ट केले नाही, विधीत आणि वेळेत दोष राहिले, असे त्याचे म्हणणे ‘शिवराज्याभिषेककल्पतरू’त आले आहे. आश्विन शुद्ध पंचमीला, २४ सप्टेंबरला, त्याच्या पद्धतीने दुसरा अभिषेक झाला.

हा दुसरा अभिषेक महाराजांची भीती म्हणून सांगितला जातो, किंवा संकोचाने गाळला जातो. दोन्ही वाचने मला अपुरी वाटतात. अपशकुनांच्या त्या यादीतली प्रतापरावांचा आणि काशीबाईंचा मृत्यू ही दोन दुःखे अभिषेकाच्या आधीची आहेत; अभिषेकाच्या मुहूर्ताचा दोष त्यांना लावता येत नाही. म्हणजे इथेही पाच ग्रहांसारखेच घडले आहे: हिशेब जुळत नाही, कारण तो हिशेब नाहीच. काशीच्या वैदिक पंडिताने राजाला क्षत्रिय ठरवले. तंत्रमार्गी गोसावी, गडोगडचे देव मानणारा समाज, यांचा वाटा त्यात नव्हता, आणि त्या वाट्याची मागणी ज्या एका भाषेत करता येत होती त्या भाषेत ती आली. महाराजांनी ती मान्य केली, पहिला अभिषेक रद्द न करता. अकबराच्या चार पत्रिका शेजारी शेजारी मांडल्या गेल्या तसे रायगडावर दोन अभिषेक शेजारी शेजारी उभे राहिले.

महाराजांची पत्रिका पुढे सापडली ती महाराष्ट्रात नव्हे. जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात, अनेक राजपुरुषांच्या पत्रिकांबरोबर ती होती, आणि तिने शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला दुजोरा दिला. मुघलांच्या चाकरीत असलेल्या राजांच्या मुलखात कोणीतरी या मराठा राजाची जन्मवेळ मिळवून, लग्न मांडून, कागद जपून ठेवला होता. त्या कागदावर पाच ग्रह उच्चीचे नाहीत. तिथे ग्रह जिथे होते तिथेच मांडलेले आहेत, कारण हा कागद मिरवण्यासाठी नव्हता; शत्रू किती जगेल आणि किती वाढेल, हे ज्याला स्वतःसाठी जाणून घ्यायचे होते त्याने तो केला होता.